सोलरची जाहिरात आणि ट्रॉम्बेची चिमणी

प्रश्न : आमच्या गच्चीवरून ट्रॉम्बेच्या वीज केंद्राची चिमणी दिसते. टाटा पॉवर म्हणते २०४५ पर्यंत कार्बन न्यूट्रल होणार, कोळशाचे नवीन प्लांट टाकणार नाही, आणि इकडे जुने चालूच आहेत. विश्वास ठेवायचा का? आणि थोडे जास्त पैसे भरून ग्रीन वीज मिळते, ती घेऊ का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : आधी एक गोष्ट सांगते, या कंपनीची सुरुवातच पाण्याच्या विजेने झालीये, खोपोली १९१५, मग भिवपुरी, मग भिरा, घाटावरचं पावसाचं पाणी कोकणात सोडून मुंबईच्या गिरण्या चालवल्या. पण ती वीज फुकटात नाही आली. मुळशीच्या धरणात मावळातली गावं गेली, १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो त्याच धरणाविरुद्ध. ग्रीन म्हटलं की मला ही गावं आधी आठवतात, आणि आता भिवपुरी आणि शिरवट्याला मिळून २८०० मेगावॉटचे पंप्ड स्टोरेज (वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची) येऊ घातलेत तेव्हा तिथल्या लोकांना आधी विचारलं जावं असं मनापासून वाटतं.

आता ट्रॉम्बे. तिथे कोळशाचे दोन संच आहेत, ५०० आणि २५० मेगावॉटचे. मुंबईची अडचण अशी की बाहेरून वीज आणायला लाईनच पुरत नव्हत्या, १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई बंद पडली ते आठवत असेल, त्यामुळे शहराच्या आत तयार होणारी वीज सोडायला कोणी तयार होत नाही. खारघर-विक्रोळी लाईन २०२३ मध्ये सुरू झाली, अशा लाईन वाढल्या की चिमणी बंद करायला सबब उरणार नाही.

विश्वास ठेवण्याबद्दल म्हणाल तर मेगावॉट, म्हणजे प्लांटची क्षमता, बघू नका, युनिट, म्हणजे प्रत्यक्षात तयार झालेली वीज, बघा. १०० मेगावॉटचा सोलर वर्षाला साधारण २० कोटी युनिट देतो, तेवढ्याच मेगावॉटचा कोळसा प्लांट नीट चालला तर ६० कोटी, म्हणजे कंपनीची क्षमता अर्धी क्लीन झाली तरी वीज अर्धी क्लीन होत नाही, आणि कोळशाच्या दर युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. वार्षिक अहवालात हे युनिटचे आकडे असतात, तेच दरवर्षी ताडून बघा.

कंपन्या हलतायत त्या मुख्यतः सक्तीमुळे, हे माझं मत. वीज वितरण कंपन्यांना २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्के वीज अपारंपरिक घ्यायचीय, हा नियम खरा जोर लावतो. कार्बनला किंमत लावायची बाजू मात्र लंगडी आहे. कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये सेस होता, २०१६ पर्यंत ४०० झाला, २०१७ पासून तो पैसा राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला, आणि २०२५ मध्ये सेसच गेला, त्याऐवजी जीएसटी ५ चा १८ टक्के झाला. २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना आली (ठरल्यापेक्षा कमी कार्बन सोडणाऱ्याने क्रेडिट विकायचं, जास्त सोडणाऱ्याने विकत घ्यायचं), त्यात सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, कापड आहे, पण सुरुवातीच्या यादीत कोळशाचे वीज प्लांट नाहीत! सगळ्यात जास्त धूर सोडणाराच बाहेर, याचा मला खरंच राग येतो.

आता तुम्ही विचारलेली ग्रीन वीज, म्हणजे ग्रीन टॅरिफ. ते घेतलं तरी घरात येणारी वीज तीच असते, कंपनी तुमच्या नावाने तेवढी अपारंपरिक वीज खरेदी करते आणि सर्टिफिकेट देते. परवडत असेल तर घ्या, चुकीचं नाही. पण मी तुमच्या जागी असते तर आधी सोसायटीच्या मीटिंगला गच्चीचा विषय काढला असता, केंद्राच्या गच्चीवरच्या सोलरसाठीच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, किलोवॉटला १८ हजार सबसिडी मिळते, आणि ते युनिट तुमच्याच मीटरवर दर महिन्याला दिसतात. फक्त पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते आधी बघून घ्या.