2013 च्या स्विफ्टला 2016 च्या स्विफ्टचा जुना दरवाजा बसेल का? (गाडी म्हापशाला आहे)

बसेल, कारण 2011 ते 2018 च्या सुरुवातीपर्यंतच्या स्विफ्टची बॉडी एकच आहे. 2014 च्या फेसलिफ्टमध्ये (त्याच मॉडेलला दिलेल्या नव्या रूपात) बदलले ते मुख्यतः बंपर आणि ग्रिल. 2011 च्या आधीचा किंवा 2018 चं नवीन मॉडेल आल्यानंतरचा दरवाजा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. पर्वरीला डेंटिंगचं काम करतो, त्यावरून सांगतो: आपल्याकडे गोव्यात खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे दरवाजा सडतो तो खालून. तो उलटा करून खालच्या कडेची पाणी जायची भोकं बघा. तिथला पत्रा फुगला असेल किंवा नखाने पापुद्रे निघत असतील, तर वरून कितीही चकाचक दिसला तरी सोडून द्या. मग बाहेरून लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. लांबी थोडी असली तर चालते, पण बिजागरीजवळ असेल तर दरवाजा कधीच नीट लागणार नाही. रंग जुळतोय म्हणून जास्त पैसे मोजू नका, उन्हात उतरलेला सिल्व्हर कोणाशीच जुळत नाही, रंगवावा लागतोच.

एकच अडचण: एलएक्सआय आणि व्हीएक्सआय या स्विफ्टच्या दोन प्रकारांचं आतलं सामान, वायरिंग वेगळं असू शकतं. म्हणून नुसता पत्रा घ्या. काच, मोटर, लॉक आपल्याच दरवाजातलं बसवा, म्हणजे चावीही तीच राहते. आणि ज्या गाडीचा दरवाजा आहे तिचा नंबर बिलावर लिहून घ्या. भंगारवाला त्याला कांकू करू लागला, तर दुसरीकडे बघा.