हाफ-वेव्ह रेक्टिफायरनंतर एसीची फ्रिक्वेन्सी अर्धी होते का?

नाही. हाफ-वेव्ह रेक्टिफायर म्हणजे एसीची अर्धी लाट कापून टाकणारं सर्किट, पण ५० हर्ट्झ आत, ५० हर्ट्झ बाहेर. अर्धी म्हणून सांगतात ते '२५' कुठून येतं ते मला चांगलं माहीत आहे, कारण त्यापायी डिप्लोमाच्या ओरलला माझे मार्क गेलेत.

बाहेरून आलेले परीक्षक होते. मी '५०, सर' म्हटल्यावर हसले. "अर्धी लाट कापली ना? मग फ्रिक्वेन्सी अर्धी." मी म्हटलं, सर, एक उंचवटा, मग सपाट, मग पुन्हा उंचवटा, टोकापासून टोकापर्यंत २० मिलिसेकंदच. सपाट भाग काय पिरियडच्या, म्हणजे एका पूर्ण फेरीच्या वेळेच्या, बाहेरचा? लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारा सीआरओ शेजारच्याच टेबलावर चालू होता. प्रोब लावायचा फक्त. सरांनी पुढचा रोल नंबर पुकारला.

दहाएक वर्षांनी, ऐन गणपतीत, गल्लीतल्या मंडळाचा ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला. "दादा, हमिंग आधीपासून होतं थोडं, पण आज एकदम जाड येतंय." ऐकलं तर नेहमीच्या हमिंगपेक्षा बरोबर एक सप्तक खाली, म्हणजे फ्रिक्वेन्सी अर्धी. झाकण काढायच्या आधीच सांगितलं, ब्रिजचा, म्हणजे चार डायोडच्या फुल-वेव्ह रेक्टिफायरचा, एक डायोड गेलाय. निघालं ड्राय सोल्डर. चारपैकी एका डायोडचा पाय नुसता टेकलेला. ब्रिज खालची लाट वर उलटवतो, म्हणून तोच आकार दर १० मिलिसेकंदांनी येतो: १०० हर्ट्झ. एक डायोड सुटला की ब्रिजचा हाफ-वेव्ह होतो आणि परत ५०. दोन उंचवट्यांमधली पोकळी भरणाऱ्या कपॅसिटरला दुप्पट वेळ खिंड लढवावी लागते, म्हणून रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) वाढतो नि त्याचा हमिंगचा आवाजही. २५ असतं, तर हमिंग दोन सप्तकं उतरलं असतं, सर.

हे सगळं सिंगल फेजचं हं. थ्री-फेज ब्रिजला ३०० येतात. आणि सेंटर-टॅपचे (मधूनही तार काढलेल्या ट्रान्सफॉर्मरचे) दोन भाग सारखे नसतील तर एकाआड एक उंचवटा बुटका येतो, मग फुल-वेव्ह असूनही काटेकोर पिरियड २० मिलिसेकंदच.

ओरल असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर सर्किट आधीच जोडून ठेवा. ब्रिजच्या इनपुटला आणि आउटपुटला एकाच वेळी सीआरओचे दोन चॅनेल लावू नका. दोघांचं ग्राउंड आतून एकच असतं, डायोड शॉर्ट होईल. टाइमबेस चौकोनाला ५ मिलिसेकंदांवर. टोकापासून टोकापर्यंत हाफ-वेव्हला चार चौकोन, ब्रिजला दोन. आणि तोंडाने काही बोलू नका. "सर, तुम्हीच मोजा," एवढंच म्हणा.