बसायचे कुठे, मागवायचे काय?

या महिन्याच्या टपालात जर्मनीतून आलेली पत्रे अधिक असल्यामुळे उत्तरेही बहुतांशी तिकडचीच आहेत.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त एर्लांगेनला राहतो. बांबेर्गची धुराची बिअर एकदा घेतली, पण जळक्या मांसासारखा वास आल्याने निम्मा ग्लास टाकून उठलो. पुण्याहून मित्र येणार आहेत. त्यांना तिथे न्यावे का?

उत्तर : अवश्य न्यावे, मात्र पहिल्या ग्लासावर निकाल देऊ देऊ नये. तिथल्या ‘श्लेंकेर्ला’ या बिअरघरातली जुनी गिऱ्हाइके नवख्याला सांगतात, की पहिला ग्लास नकोसा वाटतो, दुसरा चालतो आणि तिसऱ्यापासून चव कळू लागते; या सांगण्यात धंद्याचे हित आहे हे उघड आहे, तरीही माझा अनुभव तोच आहे. हा धूर बिअरमध्ये वरून घातलेला नसतो. भिजवून मोड आणलेले जव बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या जाळावर सुकवले जातात, तेव्हा धूर दाण्यात मुरतो आणि पुढे त्या दाण्यांचा अर्क उकळला, आंबवला तरी तो जात नाही. धूर दाण्यापासून वेगळा ठेवणाऱ्या भट्ट्या येण्यापूर्वी लाकडावर सुकवलेल्या माल्टची, म्हणजे अशा मोड आणलेल्या जवाची, बिअर थोडीफार धुरकट असायचीच. श्लेंकेर्ला आणि ‘श्पेत्सियाल’ या बांबेर्गच्या दोन घरांनी ती रीत सोडली नाही, इतकेच. चुलीत भाजलेल्या वांग्याचे भरीत ज्यांना आवडते, त्यांना ही चव फार परकी वाटू नये. मित्रांना आधी श्पेत्सियालमध्ये न्यावे, कारण तिथला धूर सौम्य आहे, श्लेंकेर्ला त्यानंतर. तिथे बिअर लाकडी पिंपातून, कोणत्याही वायूचा दाब न देता, केवळ स्वतःच्या वजनाने तोटीतून ग्लासात उतरते, आणि ते पाहण्यासाठी पिंपाजवळची जागा मिळेपर्यंत थांबायला हरकत नाही.

धूर अजिबातच नको असेल त्यांच्यासाठी बांबेर्गच्याच वुंडरबुर्ग भागातली ‘मार्स ब्रॉय’ ही ब्रुअरी आहे. तिथे बिअरचे पूर्ण नाव घेण्याची गरज नाही. ‘आ ऊ’ एवढेच म्हणावे. ‘ऊ’ हे ‘उनगेश्पुंडेट’चे आद्याक्षर. पिंपाचे बूच पक्के न बसवता मुरवलेली, म्हणून कमी फसफसणारी ही गढूळ तांबूस बिअर थेट ब्रुअरीतच प्यावी. हवा चांगली असेल तर संध्याकाळी टेकडीवर जावे. फ्रांकोनियातले, म्हणजे या भागातले, लोक बिअर प्यायला ‘तळघरावर’ जातो असे म्हणतात, कारण बिअर टेकडीच्या पोटात कोरलेल्या थंड तळघरात आणि माणसे तिच्या डोक्यावर झाडांखाली बसलेली असतात. तुमच्या एर्लांगेनच्या बुर्गबेर्गवर अशीच तळघरे आहेत. १७५५ पासून पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास भरणारी तिथली जत्रा मोठीच, पण गर्दीचा कंटाळा असेल तर ती उरकल्यावर एखाद्या साध्या मंगळवारी तिथे जाऊन बसावे.

प्रश्न : म्युनिकला सासू-सासरे नाशिकहून येत आहेत. सासरे बिअर घेतात. सासूबाई घेत नाहीत आणि पूर्ण शाकाहारी आहेत. दोघांना एकत्र कुठे नेता येईल?

उत्तर : बिअरगार्डनमध्ये, आणि घरचा डबा बरोबर घेऊन. बव्हेरियात १५५३ च्या आदेशाने एप्रिलच्या अखेरपासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत बिअर बनवण्यास बंदी होती, त्यामुळे उन्हाळ्याची बिअर आधीच करून तळघरात साठवावी लागे. तळघरावर सावली राहावी म्हणून चेस्टनटची झाडे लावली गेली आणि त्या सावलीत लोक बसू लागले. मग खाणावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ मध्ये राजाने तोडगा काढला, की ब्रुअरीवाल्यांनी तळघरावर बिअर विकावी, पण जेवण विकू नये. गिऱ्हाईक घरून खाणे आणू लागले. पुढे जेवणही मिळू लागले, पण डबा आणण्याची मुभा टिकली. तेव्हा थालीपीठ आणि लोण्याची डबी निःसंकोच न्यावी. दोन नियम मात्र पाळावेत : पेये तिथूनच घ्यावीत आणि टेबलक्लॉथ घातलेल्या टेबलावर डबा उघडू नये, कारण ती टेबले वेटरकडून जेवण मागवणाऱ्यांची असतात.

माझी निवड ‘हिर्शगार्टन’ आहे. सुमारे ८,००० माणसे बसतील एवढी ती बाग आहे आणि शेजारच्या कुंपणात हरणे असल्यामुळे सासूबाईंचाही वेळ बरा जाईल. फळीवरचा काचेचा मग आपणच उचलायचा, तिथल्या पाण्याने विसळायचा आणि रांगेत उभे राहायचे. तो मग एक लिटरचा असतो. सासऱ्यांना तो जड वाटल्यास अर्धी बिअर आणि अर्धे लेमोनेड असलेली ‘राडलर’ सुचवावी. सासूबाईंसाठी सफरचंदाच्या रसात सोडा घातलेली ‘आप्फेलशोर्ले’ आहे.

प्रश्न : जर्मनीत प्यायलेली गव्हाची बिअर पुण्यातल्या दुकानात मिळाली, पण तिला ती चव नव्हती. भेसळ असेल का?

उत्तर : भेसळीचा संशय घेण्याआधी बाटलीवरची उत्पादनाची तारीख पाहावी. समुद्रावरचा प्रवास, गोदामातला उन्हाळा आणि दुकानातली ट्यूबलाइट या तिन्हींतून आलेली बिअर पुठ्ठ्यासारखी लागते. गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टने तयार केलेला असतो, तिथे ना केळे असते ना लवंग, आणि तोच आधी उडून जातो. दूरची बाटली घ्यायचीच असेल तर डॉपेलबॉकसारखी गडद आणि कडक घ्यावी. ती प्रवास सोसते. गव्हाची बिअर मात्र पुण्यातल्याच एखाद्या मायक्रोब्रुअरीत प्यावी. २००९ मध्ये ‘डूलाली’ने इथे सुरुवात केल्यापासून शहरात त्यांची कमतरता नाही. बसण्यापूर्वी ही टाकी केव्हा उघडली, एवढे विचारावे. नीट उत्तर मिळाले तर बसावे, उत्तराऐवजी मेनूकार्ड पुढे आले तर शेजारच्या ठिकाणी जावे.

प्रश्न : कोलोनला वेटर न मागता ग्लास आणून ठेवत राहिला आणि बिल वाढले. ही फसवणूक नव्हे का?

उत्तर : नव्हे, तिथली रीत आहे. क्योल्श ही बिअर ०.२ लिटरच्या उभट ग्लासात देतात आणि ‘क्योबेस’ म्हणवणारा वेटर रिकामा ग्लास दिसला की नवा ठेवून तुमच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पुरे झाले की ती चकती ग्लासावर झाकावी.