नोकरी सांभाळून पुण्याच्या थंडीत काय काय विणून होतं?

तुम्ही लिहिलंय की सुलट-उलट टाके जमायला लागलेत, घरात २०० ग्रॅम मरून लोकर पडून आहे आणि नोकरी दहा ते सहा. पुण्यात थंडी जेमतेम अडीच महिने, मग एवढ्यासाठी विणत बसावं का, आणि आम्ही विणणारे हे दिवस कसे घालवतो, असं विचारलंत. मी कोथरूडला राहते, २२ वर्षं विणतेय. जरूर बसावं. फक्त इथल्या थंडीचा स्वभाव बघून विणावं.

आपली थंडी पहाटेची आणि रात्रीची. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा १०-१२ अंशांवर, कधी त्याच्याही खाली, आणि दुपारी २८-३०. सकाळी सातला स्कूटरवर बोटं बधिर होतात आणि अकरा वाजता अंगातला स्वेटर नकोसा होतो. म्हणून जाडजूड, पूर्ण बाह्यांचे, गळाबंद स्वेटर मी पुण्यातल्या माणसांसाठी विणतच नाही. बिनबाह्यांची बंडी, कानटोपी, मफलर, बाळांची टोपडी आणि मोजे, म्हणजे चटकन काढून पिशवीत टाकता येईल असंच विणते. बंडी तर शर्टावर दिवसभर राहिली तरी जड होत नाही.

वेळेचा हिशोब सांगते. माझा हात मिनिटाला साधारण २० टाक्यांचा. मोठ्या माणसाची टोपी म्हणजे ९६ टाके आणि पंचावन्न-एक ओळी, पाच हजारांच्या आसपास टाके. साडेचार तासांत होते, म्हणजे रोज पाऊण तास दिला तर आठवड्यात. बंडीला तीस हजारांच्या आसपास टाके पडतात, शिवाय गळा आणि मुंढ्यांच्या पट्ट्या. रोज तासभर धरला तरी महिना सहज जातो, मध्ये पाहुणे आले की सव्वा. म्हणून बंडीचे टाके मी श्रावणातच घालते, बाहेर पाऊस आणि घरात सुया. दिवाळीपर्यंत ती सुयांवरून उतरली की थंडीचे दिवस टोप्या आणि मफलरांना मोकळे.

माझं निम्मं विणकाम बसमध्ये होतं. कोथरूड ते स्वारगेट, जाऊन-येऊन. बसमध्ये लांब सुया नकोत, शेजारणीच्या कोपराला लागतात. मध्ये वायर असलेली गोल सुई घ्या, सगळं विणकाम मांडीवरच राहतं आणि टाके गळत नाहीत. बसमध्ये साधी सुलट ओळच विणायची. नक्षी, टाके कमी करणं, गळा हे सगळं घरी, रात्री नऊनंतर, जेवणं आटोपल्यावर.

काळी लोकर मात्र रात्री हातात धरू नका. गेल्या वर्षी भाचीच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण होतं. बाळाला काळं झबलं आणि त्यावर हलव्याचे दागिने, पण जानेवारीतली संध्याकाळ, म्हणून ताईनं लोकरीचंच झबलं सांगितलं. २० डिसेंबरला टाके घातले. ट्यूबलाइटखाली काळा टाका बोटांना लागतो, पण डोळ्यांना दिसत नाही. चार रात्री विणलं आणि रविवारी गॅलरीत उन्हात धरलं, तर सात ओळी खाली एक टाका गळलेला, वर शिडीसारखे सात आडवे धागे. उसवायची गरज नव्हती. मांडीवर पांढरा पंचा पसरला, त्यामुळे काळ्या धाग्यांमधल्या फटी उठून दिसायला लागल्या. गळलेल्या टाक्यात क्रोशाची सुई घातली, शिडीची सगळ्यात खालची पायरी सुईच्या आकड्यात पकडून टाक्यातून ओढून घेतली, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. सातव्यांदा टाका सुईवर परत गेला आणि चूक कुठे होती ते मलाही सापडेना. उरलेलं झबलं शनिवार-रविवारच्या उन्हातच पुरं केलं. संक्रांतीला ते झालं नाही, पण रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करतात, त्यामुळे वेळ होता.

आता एक कळकळीचं सांगणं: आधी नमुन्याचा चौकोन विणा. १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. माझ्या वडिलांच्या पहिल्या बंडीला मी तो विणला नव्हता. घेर ९१ सेंटिमीटर हवा होता, १० सेंटिमीटरला २२ टाके धरून २०० टाके घातले. हात सैल पडला, २० च बसले आणि बंडी १०० सेंटिमीटरची झाली. अख्खी उसवली. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते. तिची खुर्चीच्या पाठीवर लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, भिजवून सावलीत वाळवायची, बरीचशी सरळ येते. आई आमचे लहान झालेले स्वेटर असेच उसवून पुन्हा विणायची, तिच्याकडूनच हे शिकले.

सुयांच्या नंबरांनीही फसायला होतं. आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांवर बहुतेक जुने ब्रिटिश नंबर असतात, नंबर वाढेल तशी सुई बारीक: ८ नंबर ४ मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन, १२ नंबर पावणेतीन. अमेरिकन नमुन्यातली ८ नंबरची सुई मात्र ५ मिलिमीटरची. नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

लोकर घ्यायला मी नवरात्राच्या आसपास लक्ष्मी रोड-तुळशीबागेकडे जाते. सगळे गुंडे एकदम घ्यायचे आणि प्रत्येकाच्या लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघायचं, नाहीतर एकाच मफलरचे दोन रंग होतात. बाळांसाठी आणि रोजच्या वापरासाठी मी ॲक्रिलिकच घेते, ते गरम पाण्यानं आटत नाही. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की नमद्यासारखी घट्ट होऊन बसते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर का वापरत नाही, असं मला बरेच जण विचारतात. ती राठ असते, मानेला टोचते. मागावर विणून चिंचोक्याची खळ दिलेल्या घोंगडीत तिचं सोनं होतं, ते काम सुयांचं नाही.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला असणाऱ्या वॉचमन काकांना तीन वर्षांपूर्वी दुहेरी धाग्याची कानटोपी विणून दिली, कानांवर येणारी, हनुवटीखाली बांधायची. यंदा नोव्हेंबरात त्यांनी ती आणून दाखवली, एका बाजूची दोरी तुटली होती. दहा मिनिटांत नवी लावली.

तुमच्या २०० ग्रॅममध्ये बंडी बसणार नाही, मोठ्या माणसाला २५० ते ३०० ग्रॅम तरी लागते. टोपी करा, मध्यम जाडीची लोकर असेल तर ७०-८० ग्रॅम जाईल. ४ मिलिमीटरच्या गोल सुईवर ९६ टाके, दोन सुलट-दोन उलट अशी चार बोटं बॉर्डर, मग सरळ सुलट. माथ्यावर १२-१२ टाक्यांचे आठ भाग पाडा आणि एक ओळ सोडून एक, प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र विणा. टाके कमी झाले की वायर ताणायला लागेल, तेव्हा दोन्ही टोकांना अणी असलेल्या चार सुयांवर घ्या. शेवटी आठ टाके उरतील, त्यांतून धागा ओवून आवळा. उरलेल्या लोकरीचा अरुंद मफलर होईल. आज टाके घातलेत तर टोपी पुढच्या रविवारी डोक्यावर असेल.