वाचक विचारतात : चेहऱ्यावरची पांढरी रेघ

प्रश्न : आमच्याकडे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चे एक सुटे पान आहे. त्यावर ब्रिटिश पार्लमेंटात नव्याने निवडून आलेल्या सभासदांचे चेहरे एकत्र छापले असून एकाच्या गालावरून सरळ पांढरी रेघ गेली आहे. पान फाटले असेल का? ही मंडळी चित्रकारासमोर एकत्र बसली होती का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : रेघेवरून बोट फिरवून पाहावे. कागद सलग लागला, तर ती बहुधा छपाईच्या ठशातली आहे. १८४२ साली निघालेल्या या साप्ताहिकाची चित्रे बॉक्सवूड नावाच्या लाकडाच्या आडव्या छेदावर कोरली जात. या झाडाचा बुंधा बारीक असल्याने मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे मागून बोल्टांनी आवळून एकच ठोकळा करीत आणि घाई असली, की तो पुन्हा सुटा करून एकेक तुकडा वेगवेगळ्या कारागिरांच्या हाती देत. सांधा नीट बसला नाही, तर तिथे शाई लागत नसे आणि कागदावर पांढरी रेघ उमटे, मग तिथे कोणा माननीयांचा गाल का असेना!

एवढा खटाटोप करण्याचे कारण असे, की लाकडी ठसा उठावाचा असल्यामुळे तो मजकुराच्या अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच यंत्रावर छापता येई. तांब्या-पोलादावरचे कोरीवकाम खोलगट असल्याने ते वेगळे छापावे लागे.

एकत्र बसण्याचे म्हणाल, तर तशी गरजच नव्हती. १८६० नंतर नामवंतांची कार्डाच्या आकाराची छायाचित्रे सर्रास विकली जात आणि अशा सुट्या छायाचित्रांवरूनच हे समूह जुळवले जात. आपल्या पानावर नाकांच्या सावल्या पाहाव्यात. एकाची डावीकडे आणि शेजाऱ्याची उजवीकडे पडली असेल, तर हे चेहरे वेगवेगळ्या स्टुडिओंतून आलेले आहेत. रंग असलेच, तर ते बहुधा एखाद्या विक्रेत्याने मागाहून भरलेले असतात.

पानावर तारीख नसेल, तर भिंग लावून अंदाज बांधता येतो. १८९२ साली दादाभाई नौरोजी लंडनमधल्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या काही मतांनी निवडून आले, तोपर्यंत छायाचित्र लहानमोठ्या ठिपक्यांनी छापण्याचे ‘हाफटोन’ तंत्र या कारागिरांचे काम हिरावून घेऊ लागले होते. कोरीव ठशात गालाची गोलाई बारीक रेघांनी साधलेली दिसते, हाफटोनमध्ये तिथे नुसते ठिपके दिसतात.