मागच्या दोन स्पीकरांचं काय करायचं?

प्रश्न : ताई, पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) असा संच नुकताच घेतला. चित्रपट पाहताना मजा येते. पण गाण्यांचे अल्बम लावले की मागचे स्पीकर गप्पच असतात. खास सराउंडची, म्हणजे चहूबाजूंनी वाजणारी, म्हणून एक डिस्क आणली, तर उलटंच झालं. मागची गिटार कानात घुसते आणि समोरचा गायक लांब गेल्यासारखा वाटतो. सोफा भिंतीला टेकून आहे आणि मागचे स्पीकर त्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर आहेत. संचात काही बिघाड असेल का?

उत्तर : संच उत्तम आहे. तुमच्या दोन तक्रारींची कारणं मात्र वेगवेगळी आहेत.

बहुतेक अल्बम स्टिरिओ, म्हणजे दोनच चॅनलचे (डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठीच्या आवाजांचे) असतात. ते लावल्यावर मागचे स्पीकर गप्प बसतात, हे बरोबरच आहे. रिसीव्हरवर, म्हणजे सगळे स्पीकर जोडलेल्या पेटीवर, दोनाचे पाच करणारी बटणं असतात, पण मी स्टिरिओ अल्बम दोनच स्पीकरवर ऐकते. ज्यांनी तो बनवला त्यांनी तो तसाच ऐकला होता.

दुसऱ्या तक्रारीचं मूळ तुमच्या सोफ्यात आहे. समोरचे स्पीकर अडीच मीटरवर आणि मागचे कानापासून 60 सेंटिमीटरवर आहेत असं धरा. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मागचा आवाज साडेपाच मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि जवळ असल्यामुळे मोठाही लागतो. एकच सूर दोन ठिकाणांहून आला तर आधी पोहोचलेल्या दिशेलाच तो आहे असं कान ठरवतो. गायक बिचारा तिथेच आहे, तुमचं लक्ष मागे ओढलं जातंय.

चित्रपटात हे खपून जातं, कारण तिथे मागे बहुतेक वेळ पाऊस, गर्दी, वारा असतो. संगीतात मागच्या चॅनलवर अख्खं वाद्य, कधी अख्खा कोरस असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की अल्बमसाठी मागचे स्पीकर दुय्यम मानू नयेत. शक्य असेल तर ते पुढच्यांच्याच जातीचे असावेत. माझ्याकडे कितीतरी दिवस मागे छोटे, वेगळ्या कंपनीचे स्पीकर होते. पुढून मागे फिरणारी झांज अर्ध्या वाटेत पत्र्यासारखी वाजायची. मी मिक्सला, म्हणजे कुठलं वाद्य कुठून वाजेल याच्या मांडणीला, दोष देत राहिले. स्पीकर बदलले त्या दिवशी तीच झांज सलग फिरली. मी तो तुकडा सहा वेळा ऐकला.

आता काम. सोफा भिंतीपासून निदान मीटरभर पुढे ओढा. भिंतीला डोकं टेकलेलं असलं की खर्जही फुगतो, तोही सुधारेल. मग सुतळी घ्या. तुम्ही बसता तिथे एक टोक धरायला कुणाला तरी बसवा आणि दुसरं टोक प्रत्येक स्पीकरपर्यंत न्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत पाचही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर असतात. पुढचे दोन मधल्या रेषेपासून 30-30 अंशांवर आणि मागचे 100 ते 120 अंशांवर, म्हणजे जवळजवळ बाजूला, खांद्यांच्या किंचित मागे. पाठीमागच्या भिंतीवर नव्हे! खोलीमुळे अंतरं सारखी होत नसतील तर मोजलेले आकडे रिसीव्हरमध्ये भरा, जवळच्या स्पीकरचा आवाज तो तेवढा थांबवून सोडतो. नंतर रिसीव्हरचा चाचणीचा खरखरीचा आवाज एकेका स्पीकरवर लावून सगळ्यांची पातळी सारखी करा. त्यासाठी मी कानाच्या जागी आवाज मोजणारा मीटर ठेवून 75 डेसिबल धरते. रिसीव्हर माइक लावून आपोआप मोजत असेल, तर सबवूफरचं अंतर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. सबवूफरच्या आतल्या यंत्रणेत लागणारा वेळ त्यात धरलेला असतो, म्हणून तो आकडा बदलू नका.

एवढं करूनही काही डिस्कमध्ये मागे वाद्यं असतीलच. काही मिक्स तुम्हाला सभागृहात बसवतात, तिथे मागून फक्त प्रतिध्वनी आणि टाळ्या येतात. काही वाद्यवृंदाच्या मधोमध उभं करतात. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बममधली घड्याळं ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी मुळात चार चॅनलच्या प्रात्यक्षिकासाठी मुद्रित केली होती. पुढे 2003 मध्ये ध्वनिमुद्रक जेम्स गथ्री यांनी त्या अल्बमचा 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफरसाठीचा, मिक्स केला. ती घड्याळं चहूबाजूंनी वाजायला हवीतच. मागून काही आलं म्हणून लगेच बटणाकडे हात नेऊ नका, एक अल्बम पुरता ऐकून मग ठरवा.

प्रश्न : टीव्हीवरच्या ॲपमध्ये अल्बमवर 'ॲटमॉस' (डॉल्बीचा सराउंड आवाजाचा प्रकार) लिहिलेलं दिसतं, पण रिसीव्हर 'स्टिरिओ' दाखवतो. टीव्हीतून ऑप्टिकल केबल जोडली आहे.

उत्तर : केबलच बदला. ॲपचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या आवाजाच्या स्वरूपातून येतो आणि तो ऑप्टिकलमधून जात नाही. एचडीएमआयचं 'एआरसी' लिहिलेलं तोंड वापरा आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' काढून 'पास-थ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' निवडा. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्ही ॲटमॉसवाले असतील तर एवढं पुरतं. ब्लू-रे डिस्कवरच्या ट्रूएचडीसाठी, म्हणजे डॉल्बीच्या जास्त दर्जाच्या आवाजासाठी, मात्र 'ईएआरसी' हे एआरसीचं सुधारित रूप लागतं. त्यापेक्षा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडणं सोपं.

प्रश्न : माझी एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) साध्या सीडी प्लेअरवर वाजते, पण पाच चॅनल येत नाहीत.

उत्तर : तुमची डिस्क हायब्रिड आहे. तिच्यात सीडीचा वेगळा थर असतो आणि साधा प्लेअर तोच वाचतो. एसएसीडी वाचणारा प्लेअर हवा, आणि तो एचडीएमआयने किंवा सहा ॲनालॉग तारांनी जोडायला हवा. डिस्कवर 'मल्टिचॅनल' छापलेलं आहे ना, तेही पाहा. काही एसएसीडी स्टिरिओच असतात.

प्रश्न : आम्ही घरात तिघं ऐकतो. योग्य जागा एकच असते का?

उत्तर : सगळे स्पीकर समतोल ऐकू येतील अशी जागा खरोखर एकच असते, आणि ती मधली. मधला स्पीकर सुरू असला तर कडेला बसलेल्यांनाही गायक मधेच ऐकू येतो, त्यामुळे तो बंद करू नका. कडेला बसणाऱ्याच्या कानाला मागचा स्पीकर चिकटत असेल तर तो थोडा उंच करा, म्हणजे डोक्यावरून आवाज जाईल. आमच्याकडे आई आणि मी दोघीच. अल्बमच्या पहिल्या निम्म्या भागाला ती मधे बसते, नंतर मी. तिला शेवटचं गाणं आवडलं तर ते पुन्हा लावतो आणि मी उठते.