रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स: जीबी नंतर बघा, आधी छतावरून येणाऱ्या केबल मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणला आई-वडील दोघंच असतात. संध्याकाळी वडिलांना मॅच हवी आणि त्याच वेळेला आईची मालिका. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत: ओळखीतून मिळणारा डीटीएच कंपनीचा जुना 500 जीबीचा रेकॉर्डर, कंपनीचा माणूस गळ्यात मारू पाहतोय तो अँड्रॉइड बॉक्स, आणि बाजारपेठेतल्या दुकानदाराने दाखवलेला पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा फ्री डिशचा डबा. यातल्या कशात जास्त तास मावतील, असं तुम्ही विचारलंय. तासांचा हिशोब खाली देतो, पण तो शेवटी बघायचा. आधी गच्चीवर जाऊन डिशच्या छत्रीपासून किती केबल खाली येतात ते बघा.

साधी एलएनबी (छत्रीच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा छोटा डबा) एकाच केबलमधून सगळे सिग्नल एकदम खाली पाठवत नाही. बॉक्सने तिला 13 व्होल्ट दिले की उभ्या ध्रुवणाचे, म्हणजे उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरींचे सिग्नल येतात, 18 व्होल्ट दिले की आडव्या ध्रुवणाचे. म्हणजे आडव्या बाजूचं चॅनल रेकॉर्डला लागलं की त्या केबलवरून उभ्या बाजूचं काहीही दिसणार नाही. एक रेकॉर्ड करत दुसरं हवं ते बघायचं असेल, तर बॉक्समध्ये दोन ट्यूनर (आलेल्या सिग्नलमधून हवं ते चॅनल निवडणारा भाग), एलएनबीला दोन तोंडं आणि तिथून खाली दोन स्वतंत्र केबल, हे तिन्ही लागतं. 'स्प्लिटर टाकून देतो की' असं फिटिंगवाला म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि दुसरा माणूस बोलवा. एका केबलवर एकाच ट्यूनरने दोन चॅनल चालतात ती एकाच ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, त्यावरून बरीच चॅनलं एकत्र येतात) असली तर, पण मॅच आणि मालिका तशी जुळून येईल यावर भरवसा ठेवू नका.

आता तो जुना रेकॉर्डर. टाटा स्काय प्लस 2008 साली आला, मग इतर कंपन्यांनीही रेकॉर्डर काढले. चालू कार्यक्रम थांबवणं, मागे नेणं, मालिकेचे सगळे भाग आपोआप टिपणं हे त्यांच्याइतकं सुटसुटीत नंतरच्या डब्यांत मला क्वचितच दिसलं. तरी जुना घेताना दोन गोष्टी बघाच. पहिली, बॉक्सवरचा नंबर कंपनीला फोनवर सांगून 'हा माझ्या नावावर चालू करून द्याल का' हे पैसे देण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर तो डबा नुसतं वजन. दुसरी, आतली डिस्क. असा रेकॉर्डर आपण काही रेकॉर्ड करत नसतानाही चालू चॅनल मागे नेता यावं म्हणून सतत लिहीत असतो. वर्षानुवर्षं अशी फिरलेली डिस्क किती दिवस टिकेल, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

शिवाय डीटीएचच्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं. ते त्याच डब्यात चालतं. डिस्क काढून लॅपटॉपला लावली तर काही दिसत नाही, डबा बदलला की सगळं गेलं, आणि रिचार्ज संपल्यावर बहुतेक ठिकाणी जुनं रेकॉर्डिंगही उघडत नाही. त्यामुळे 'आज चुकलं ते उद्या बघू' एवढ्यासाठी ते ठीक. नातवाचा टीव्हीवरचा कार्यक्रम जपून ठेवायचा असेल तर उपयोग नाही.

अँड्रॉइड बॉक्सबद्दल फार लिहीत नाही. तो सहसा काही साठवत नाही, इंटरनेटवरून मागचे भाग दाखवतो. घरी चांगला ब्रॉडबँड असेल तर आईच्या मालिकेसाठी रेकॉर्डिंगची गरजच उरत नाही. झी मराठीच्या मालिका झी5 वर आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर मिळतातच. ब्रॉडबँड नसेल, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवायचं असेल, तर हा पर्याय सोडा.

फ्री डिशकडे लोक गरिबाचा डबा म्हणून बघतात, मला ते पटत नाही. प्रसार भारतीची ही सेवा जीसॅट-15 वरून, 93.5 अंश पूर्वेकडून येते. महिन्याचं भाडं नाही आणि बरीच चॅनलं बिनकुलपाची, त्यामुळे डब्याने यूएसबीवर लिहिलेली फाइल बहुतेक वेळा लॅपटॉपवरही चालते. झी मराठी, स्टार प्रवाह तिथे मिळत नाहीत, सह्याद्री मिळतं. पण वडिलांच्या दृष्टीने खरी गंमत वेगळीच आहे. 2007 च्या कायद्यामुळे भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-20 सामने खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावे लागतात, आणि ते फ्री डिशवर फुकट दिसतात. आयपीएल त्यात येत नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर दोन ट्यूनरच्या मागे न लागता घरचं डीटीएच तसंच ठेवलं असतं. त्याच कंपनीकडून यूएसबी रेकॉर्डिंग चालणारा बॉक्स मागायचा, त्याचं वेगळं शुल्क आहे का ते विचारायचं. शेजारी फ्री डिशची दुसरी छत्री आणि एमपेग-4 (चित्र दाबून पाठवण्याची एक पद्धत) वाचणारा डबा. भारताची मॅच असेल तेव्हा वडील फ्री डिशवर बघतील, तोवर आईची मालिका डीटीएचवर रेकॉर्ड होईल. दोन छत्र्या, दोन केबल, भांडण नाही. फक्त दोन्ही रिमोटवर मार्करने नावं लिहा, आणि टीव्हीवर एचडीएमआय कसं बदलायचं ते एकदा बसून शिकवा.

तासांचा हिशोब असा. चॅनल 2 एमबीपीएसने (सेकंदाला 2 मेगाबिट या वेगाने) येत असेल तर तासाला साधारण 0.9 जीबी लागतात, 8 एमबीपीएसचं एचडी असेल तर 3.6 जीबी. म्हणजे 500 जीबीत एचडीचे 130-140 तास. रोजच्या एका मालिकेला हे भरपूर झालं. पेनड्राइव्ह मात्र नको, सतत लिहिण्याने तो लवकर मरतो. अडीच इंची पोर्टेबल डिस्क घ्या. यूएसबी 2 पोर्ट 500 मिलिअँपियरच देतो, तेवढ्यावर काही डिस्क फिरतच नाहीत, मग स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब लावावा लागतो. आणि बरेच डबे पहिल्यांदा डिस्क फॉरमॅट करतात. लग्नाचे फोटो असलेली डिस्क त्याला लावू नका.

पावसाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण चिपळूण आहे म्हणून सांगतो. जुलैत सरीवर सर कोसळते तेव्हा केयू बँडचा (डीटीएच आणि फ्री डिश ज्या लहरींवर येतात त्या पट्ट्याचा) सिग्नल जातो, आणि रेकॉर्डरही तेव्हा आंधळाच असतो. मोठी छत्री आणि नेमकी लावलेली दिशा यांनी फरक पडतो, मुसळधारेपुढे तीही हरते. वीज गेली तरी रेकॉर्डिंग तुटतं, त्यामुळे टीव्ही नसला तरी चालेल, डबा आणि डिस्क इन्व्हर्टरवर घ्या. स्वस्त डबे वीज परत आल्यावर घड्याळ विसरतात आणि लावलेला टाइमर चालतच नाही, हे घेतानाच दुकानात प्लग काढून तपासा. टाइमर मालिकेच्या आधी पाच आणि नंतर दहा मिनिटं जास्तीचा लावा.

सध्याच्या बॉक्सच्या मागच्या बाजूचा आणि गच्चीवरच्या एलएनबीचा फोटो इथे टाकलात, तर नवीन केबल कुठे आणि किती लागेल ते सांगता येईल.